साठ हजार हत्तींचा रकाना

ज्ञानकोशात कुठल्याही लढाईची नोंद उघडली की उजव्या अंगाला एक चौकट दिसते. दिनांक, स्थान, परिणती, सेनापती, सैन्यबळ, बळी आणि नुकसान असे तिचे रकाने वरून खाली लावलेले असतात. ही चौकट ज्याने आखली त्याच्या डोळ्यांसमोर बहुधा विसाव्या शतकातलं एखादं युद्ध असावं. तिथे प्रत्येक पलटणीत एक कारकून असतो, आणि बुटांचे किती जोड वाटले, किती परत आले याचाही हिशेब राहतो. तीच चौकट पुढे तेराशे-चौदाशे वर्षांपूर्वीच्या लढायांना लावली गेली आणि तिथून गंमत सुरू झाली. मजकुरातली उणीव वाचकाच्या सहसा लक्षात येत नाही. चार परिच्छेदांत ‘असावे’, ‘संभवते’, ‘काहींच्या मते’ अशी पेरणी केली की भागतं. रिकामा रकाना मात्र डोळ्यांत खुपतो. तो पाहून कुणाचा तरी हात शिवशिवतो आणि दुसऱ्या दिवशी तिथे एक आकडा ऐसपैस मांडी घालून बसलेला असतो. अशा नोंदी तपासत गेलं की एक उफराटा नियम हाती लागतो: लढाईबद्दल जितकं कमी ठाऊक, तितकी तिची चौकट भरगच्च. १४ जानेवारी १७६१ ला पानिपतावर नेमके किती पडले यावर अजून एकमत नाही, कारण सांगणारे पुष्कळ होते आणि प्रत्येकाने वेगळं सांगितलं. प्राचीन लढाईत ही अडचण येत नाही. सांगणारा बहुधा एकटाच असतो, त्यामुळे त्याचं कुणाशी वाजत नाही.

या नियमाची परीक्षा घ्यायला नर्मदेकाठची लढाई उत्तम. एका बाजूला बदामीचा चालुक्य राजा दुसरा पुलकेशी, दुसऱ्या बाजूला कनौजचा हर्षवर्धन. सातव्या शतकाच्या पूर्वार्धातले दक्षिणेतले आणि उत्तरेतले दोन सर्वांत बलाढ्य राजे. आणि तिची नोंद कुठे बसून तपासावी असं विचाराल तर दुबईतल्या मुहैस्नाहमध्ये. भुवया उंचावण्याचं कारण नाही. खटल्याचे सगळे पक्षकार एकाच जिन्याने चढउतार करतात अशी दुसरी जागा कुणी दाखवावी. शारजाच्या हद्दीजवळच्या या वस्तीच्या दुसऱ्या भागात कामगारांच्या राहण्याच्या इमारती ओळीने उभ्या आहेत. तिथे बागलकोटचा सुतार, लातूरचा वेल्डर, कानपूरचा गवंडी आणि कांचीपुरमचा फिटर सकाळी नळाच्या एकाच रांगेत उभे असायला काहीच हरकत नाही. सुताराच्या लेखी हा राजा म्हणजे इम्मडी पुलिकेशी, कर्नाटकाचा मानबिंदू. वेल्डरच्या लेखी तो महाराष्ट्राचा राजा, कारण चिनी प्रवाशाने तसं लिहूनच ठेवलंय. गवंड्याला हर्ष हरला ही बातमीच मुळात संशयास्पद वाटते. फिटर पल्लवांच्या मुलखातला. तो काही बोलत नाही, गालातल्या गालात हसतो. त्याच्या हसण्याचं कारण पुढे येईल. ज्ञानकोश सर्वांना खुला झाल्यापासून संपादकाला पदवी लागत नाही, कचेरी लागत नाही. सुट्टीचा वार, हातातला फोन आणि बऱ्यापैकी अभिमान एवढ्या भांडवलावर नोंद बदलता येते. हे चांगलंच आहे. फक्त अभिमानाचा साठा माहितीच्या साठ्यापेक्षा नेहमी थोडा जास्त असतो, आणि ती तफावत चौकटीत उतरते.

आता पुरावा किती ते पाहू. मुख्य साक्षीदार एकच: ऐहोळे गावी मेगुती टेकडीवरच्या जैन मंदिराच्या भिंतीतला शिलालेख. तो रचला रविकीर्ती नावाच्या कवीने, शके ५५६ मध्ये, म्हणजे इ.स. ६३४-३५ ला, पुलकेशी गादीवर असताना. विनय हा या कवीचा गुण नव्हे; कालिदास आणि भारवी यांच्या पंगतीत आपलं पान मांडलं गेल्याचं त्याने त्याच लेखात कोरून ठेवलंय. दरबारी माणूस, आश्रयदाता जिवंत, आणि हाताशी वृत्तांचा भरणा. हर्षाच्या पराभवाला त्याने दिला एक श्लोक, आणि त्या श्लोकाचा सगळा जीव एका श्लेषात: हर्ष नावाच्या राजाचा हर्ष भीतीने गळून गेला. सोबत रणात पडलेल्या हत्तींच्या रांगा. संपलं. तारीख नाही, गाव नाही, किती दिवस चाललं ते नाही, कोणत्या सरदाराने कोणती फळी सांभाळली ते नाही. एका कोटीवर आख्खी लढाई उभी आहे, आणि समोरच्या राजाचं नाव दुसरं काही असतं तर कवीने तिच्यावर श्लोक खर्चला असता का, हीसुद्धा शंकाच आहे. याच लेखात भारतीय युद्धाला किती वर्षं झाली ते मात्र रोखठोक सांगितलंय: ३७३५. म्हणजे कौरव-पांडव कधी लढले हे कवीला वर्षासकट पाठ, आणि ज्याचं मीठ खाल्लं तो राजा कधी लढला याबद्दल चकार शब्द नाही. चौकटीत आकडे भरणाऱ्यांचा मूळपुरुष हाच असावा.

कवीने दिनांक दिला नाही म्हणून दिनांकाचा रकाना रिकामा राहिला असं मात्र झालं नाही. तो इतक्या वेळा भरला गेला की त्याच्या इतिहासावर स्वतंत्र नोंद व्हावी. पुलकेशीच्या इ.स. ६१२-१३ च्या हैदराबाद ताम्रपटात, शंभर लढायांत गुंतलेल्या शत्रूला हरवून त्याने ‘परमेश्वर’ हे बिरुद मिळवलं असा मजकूर आहे. नंतरच्या चालुक्यांचे ताम्रपट सांगतात की हे बिरुद हर्षाला हरवून मिळालं. दोन्ही जोडले की लढाई ६१२ पूर्वीची, असं पुरालेखतज्ज्ञ फ्लीटच्या काळातल्या अभ्यासकांनी ठरवलं. पुढे नाशिक जिल्ह्यातल्या लोहनेरचा ताम्रपट पुढे आला, तो ६३० सालचा. त्यात पुलकेशीची स्तुती भरपूर, पण हर्षाचं नावही नाही. एवढा मोठा विजय झाला असता तर त्याचा उल्लेख टाळला असता का? तेव्हा लढाई ६३० नंतरची आणि ऐहोळेच्या लेखापूर्वीची, असं अळतेकरांसारख्या अभ्यासकांनी मांडलं, आणि पाठ्यपुस्तकांनी ते बरीच वर्षं मानलं. मग २०१६ च्या सुमारास पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरातले श्रीनंद बापट आणि प्रदीप सोहोनी यांनी ४ एप्रिल ६१९ चा एक ताम्रपट अभ्यासला. या विजयाची नोंद त्यात होती. झालं, लढाई ६१८-१९ च्या हिवाळ्यात सरकली. म्हणजे लोहनेरच्या ताम्रपटाचं मौन, ज्यावर इतकी वर्षं तारीख उभी होती, ते नुसतं मौनच होतं. लिहिणाऱ्याला त्या दिवशी हर्ष आठवला नसेल, पत्र्यावर जागा उरली नसेल, किंवा अकरा वर्षं जुनी बातमी पुन्हा सांगण्यात त्याला रस नसेल. दान देणाऱ्या कागदपत्रात लढाई आलीच पाहिजे असा नियम तेव्हाही नव्हता आणि आताही नाही. आपल्या सात-बारावर पानिपत कुठे असतं?

मौनाचा पुरावा किती फसवा असतो हे समजायला मुहैस्नाहमध्ये संध्याकाळी एक फेरी पुरे. नकाशावर, भाडेकरारात, सरकारी पत्रात या भागाचं नाव ‘मुहैस्नाह २’. टॅक्सीवाल्याला पत्ता सांगताना, फोरमनशी बोलताना, गावाकडे फोनवर बायकोला धीर देताना हाच भाग ‘सोनापूर’. उद्या हजार वर्षांनी कुणा संशोधकाच्या हाती फक्त भाडेकरार लागले तर सोनापूर नावाची वस्ती दुबईत कधी नव्हतीच, ती कामगारांच्या गाण्यांतली कविकल्पना, असा निबंध तो पदवीसाठी खुशाल सादर करील. तळटिपाही चोख असतील. आणि त्याच्या हाती फक्त फोनवरची बोलणी लागली तर तो उलट सांगेल: मुहैस्नाह हे सरकारी दप्तरातलं एक काल्पनिक नाव, प्रत्यक्षात कुणी कधी न उच्चारलेलं. दोन्ही निबंध चूक, दोन्हींचे पुरावे अस्सल. प्राचीन लढाईची नोंद तपासणाऱ्याने हे ध्यानात ठेवलं तर निम्मी भांडणं मिटतात, कारण निम्मी भांडणं ‘अमुक लेखात उल्लेख का नाही’ याच प्रश्नावर चालतात. आणि नियम सर्वांना सारखा लावायचा तर कानपूरच्या गवंड्यालाही लावावा लागतो. बाणभट्टाच्या हर्षचरितात पुलकेशीचा पत्ता नाही हे खरं, पण हर्षचरित हर्षाच्या कारकिर्दीच्या आरंभापाशीच थांबतं. ज्या पुस्तकात नायक पुरता स्थिरावलेलाही नाही, त्यात त्याचा पराभव शोधणं म्हणजे मुंजीच्या पत्रिकेत घटस्फोट शोधणं.

स्थानाचा रकाना त्याहून मजेदार. आताच्या चौकटीला नुसतं नाव पुरत नाही, तिला अक्षांश-रेखांश हवे असतात. नकाशावर टाचणी टोचल्याशिवाय तिचं समाधान होत नाही. नर्मदेची लांबी १३१२ किलोमीटर. टाचणी कुठे टोचायची? अमरकंटकला? ओंकारेश्वरला? भडोचला? मुळात रविकीर्तीने लढाई नर्मदेवर झाली असं लिहिलेलंच नाही. हर्षाच्या श्लोकानंतरच्या श्लोकात रेवेची, म्हणजे नर्मदेची, वाळवंटं आणि विंध्याचा प्रदेश येतो, आणि तिथेही मुख्य बातमी हत्तींची आहे: राजाचे हत्ती विंध्याच्या वाटेला जात नाहीत, कारण आकाराने ते डोंगरांशी स्पर्धा करतात! या दोन श्लोकांच्या शेजारावरून लढाई नर्मदेकाठी झाली असं अनुमान निघालं. अनुमान वाजवी आहे. दोन राज्यांच्या मध्ये ती नदी होती आणि दोन फौजा भिडणार त्या तिच्या आसपासच. पण पुढे व्हिन्सेंट स्मिथने पुलकेशीने नर्मदेचे उतार इतके चोख राखले की हर्षाला मागे फिरावं लागलं आणि ती नदी हद्द म्हणून मान्य करावी लागली, असं लिहिलं. उतार कुठून आले? श्लोकात नाहीत. ते स्मिथसाहेबांच्या लष्करी अंदाजातून आले, आणि एकदा इंग्रजी पुस्तकात छापले गेल्यावर पुढच्या दोन पिढ्यांना ते श्लोकाहून जुने वाटू लागले. तपासनिसाने या रकान्यात ‘बहुधा नर्मदेच्या आसपास’ एवढंच लिहावं आणि टाचणी खिशात ठेवावी. वाचकाला तिथे जाऊन सेल्फी काढता येणार नाही, एवढंच काय ते नुकसान.

खरी मौज सैन्यबळाच्या रकान्यात आहे. इथे आधार म्हणून धावून येतो चिनी यात्रेकरू ह्युएन त्संग. हर्षाने सुरुवात केली तेव्हा त्याच्याकडे ५,००० हत्ती आणि ५०,००० पायदळ होतं, पुढे राज्य वाढलं तेव्हा ६०,००० हत्ती आणि १,००,००० घोडदळ झालं, असं तो लिहितो. साठ हजार हत्ती! २०१७ च्या गणतीत आख्ख्या भारतात मिळून रानटी हत्ती भरले २७,३१२. हर्षाच्या काळी जंगलं जास्त होती हे कबूल, पण हत्तीचं पोट तेव्हाही तेवढंच होतं. एक मोठा हत्ती दिवसाला साधारण दीडशे किलो चारा खातो. साठ हजारांना रोज ९,००० टन लागेल. दहा टनी ट्रक धरले तर रोजचे नऊशे ट्रक, आणि ट्रक तर नव्हतेच. बैलगाडीने आणायचा तर बैलांचाही चारा आला, म्हणजे चाऱ्याच्या चाऱ्याचा प्रश्न. हे सैन्य कनौजहून निघालं असतं तर यमुना ओलांडण्यापूर्वी दोआबातलं एकही पान झाडावर उरलं नसतं, आणि पुलकेशीला लढायची गरजच पडली नसती. यावर गवंड्याचा आक्षेप रास्त आहे: याच चिनी माणसाची बाकीची साक्ष तुम्ही मानता, मग आकडा आला की तो खोटारडा कसा? तो खोटारडा नाही. त्याने पाहिलेलं वेगळं आणि ऐकलेलं वेगळं. साठ हजार हत्ती कुणी मोजून पाहत नसतं. ते राजाच्या माणसाने पाहुण्याला सांगायचे असतात आणि पाहुण्याने मान डोलवायची असते. शिवाय आकडा खरा धरला तरी तो हर्षाच्या सगळ्या राज्यातल्या फौजेचा आहे, त्या दिवशी नर्मदेपाशी उभ्या असलेल्या फौजेचा नाही. म्हणजे खोटा असेल तर चौकटीत नको आणि खरा असेल तरीही चौकटीत नको. असा दुहेरी नालायक आकडा सहसा मिळत नाही, आणि बसतो मात्र तोच सर्वांत आधी.

हा रोग फक्त आपला नाही. मुहैस्नाहपासून गाडीने दीडेक तासावर, ओमानच्या आखाताला लागून दिब्बा आहे. तिथे इ.स. ६३३ च्या सुमारास, म्हणजे ऐहोळेचा लेख कोरला जात होता त्याच दिवसांत, एक मोठी लढाई झाली. अरबी परंपरेत तिथे पडलेल्यांचा आकडा येतो दहा हजार. दहा हजार हा आकडा संपादकाने पाहताक्षणी ओळखायला हवा, कारण जगभरच्या जुन्या लढायांत तो पडलेला आढळतो. नऊ हजार सातशे बेचाळीस कुठेच पडत नाहीत. प्राचीन सैनिक नेहमी शून्यांच्या पटीत मरायचे. गोल आकड्याचा अर्थ ‘खूप’ एवढाच असतो. ऐहोळेच्या लेखातलंच पाहा: पुलकेशी तीन महाराष्ट्रकांचा आणि त्यांतल्या ९९,००० गावांचा स्वामी झाला असं कवी सांगतो. मराठी वाचकाला हा श्लोक फार लाडका, कारण त्यात आपलं नाव आहे. म्हणून लातूरचा वेल्डर साठ हजार हत्तींना हसतो आणि नव्याण्णव हजार गावांपाशी गंभीर होतो. आजच्या महाराष्ट्रात गावं आहेत चाळीस-बेचाळीस हजारांच्या घरात. तेव्हाची हद्द वेगळी होती, वाड्या-वस्त्या धरल्या असतील, तो महसुली आकडा असेल, असे बचाव करता येतात. पण हत्तींना जो न्याय तोच गावांना.

आता परिणती. इथे सर्वांत वजनदार आक्षेप उभा राहतो. साक्षीदार एक, तो दरबारी, त्याचा पुरावा म्हणजे एक कोटी. मग पुलकेशी जिंकला हे तरी कशावरून? कवीने मालकाला खूश करायला रचलं असेल. हा आक्षेप झटकता येत नाही, आणि नोंद तपासणं म्हणजे काय हे याच ठिकाणी कळतं. विजेत्याच्या भाटाला उत्तर हरलेल्याच्या मित्राकडून मिळवायचं असतं. ह्युएन त्संग हर्षाचा सन्मान्य पाहुणा. हर्षाने त्याच्यासाठी कनौजला सभा भरवली, प्रयागचा दानसोहळा दाखवला. या माणसाला हर्षाची लाज राखण्याची सगळी कारणं होती. तरीही महाराष्ट्राबद्दल लिहिताना तो सांगतो की हर्षाने हिंदच्या पाचही भागांतून फौजा गोळा केल्या, निवडक सेनानी बोलावले, स्वतः चाल केली, आणि तरी या लोकांना नमवता आलं नाही. माणूस आपल्या हिताविरुद्ध जे सांगतो ते जास्त विश्वासाचं, हे कोर्टातला शिकाऊ वकीलही जाणतो. तेव्हा दोन साक्षी जिथे जुळतात तेवढं घ्यायचं: हर्षाची दक्षिणेवरची मोहीम फसली. ‘चालुक्यांचा निर्णायक विजय’ म्हणायचा बागलकोटच्या सुताराचा आग्रह असतो. पण ‘निर्णायक’ हा शब्द दोघांपैकी एकानेही वापरलेला नाही. तो चौकटीच्या हौशीचा. बाकी त्संगने महाराष्ट्राच्या लोकांबद्दल लिहिलंय ते चौकटीत कुठेच मावत नाही ही खरी हळहळ. हरलेल्या सेनापतीला इथे शिक्षा करत नाहीत, त्याला बायकांचे कपडे पाठवतात. लढाईआधी वीर दारू पितात आणि हत्तींनाही पाजतात. सैन्यबळाचा रकाना मोकळा ठेवून ‘सैन्याची अवस्था’ असा रकाना काढला असता तर ही एकमेव माहिती साधार भरता आली असती.

अभिमान चित्रांतूनही पुरावा काढतो, आणि या गोष्टीचा एक धागा आखातापर्यंत येतो. अरबीत लिहिणारा इतिहासकार तबरी याने इराणचा बादशहा दुसरा खुस्रो आणि एका हिंदी राजाच्या पत्रव्यवहाराचा उल्लेख केलाय. तो राजा म्हणजे पुलकेशी असावा असं नोल्डेके या जर्मन पंडिताला वाटलं. त्यावर जेम्स फर्ग्युसनने १८७९ मध्ये अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यातल्या चित्राकडे बोट दाखवून सांगितलं की हा पुलकेशी इराणी वकिलाला भेटतोय. चित्र सुंदर, टोप्या परदेशी, आणि कल्पना इतकी देखणी की शंभर वर्षं ती पुस्तकांतून फिरली. पुढे वॉल्टर स्पिंकने ते लेणं वाकाटक राजा हरिषेणाच्या काळातलं, पाचव्या शतकातलं ठरवलं. पुलकेशी जन्मण्यापूर्वी शंभरेक वर्षं आधी रंग वाळलेले. या उदाहरणात कुणी खोटं बोललं नाही. प्रत्येकाने एक ‘असावा’ जोडला, आणि तीन असावे मिळून एक आहे झाला. संदर्भ तपासताना हेच मोजायचं असतं.

यावर स्पर्धा परीक्षेच्या विद्यार्थ्याचा आक्षेप येतो, आणि तो सर्वांत व्यवहारी आहे. त्याच्यापुढे प्रश्न असतो: नर्मदेची लढाई कधी झाली? अ) ६१२, ब) ६१८, क) ६३४, ड) यांपैकी नाही. त्याला तीन ताम्रपटांची गोष्ट नको, एक काळं वर्तुळ हवंय. त्याची गरज खरी आहे. पण ती भागवायला ज्ञानकोशाने उत्तर बनवलं की ते मार्गदर्शकात जातं, मार्गदर्शकातून वर्तमानपत्राच्या पुरवणीत जातं, आणि पुढच्या वर्षी कुणी ज्ञानकोशात संदर्भ मागितला की तीच पुरवणी पुरावा म्हणून परत येते. आकड्याचा आईबाप तो स्वतःच. जुन्या कोशांत हे कठीण होतं, कारण तिथे नोंदीला धनी होता. केतकरांचे ज्ञानकोशाचे तेवीस खंड घ्या. चूक झाली तर कुणाच्या नावाने बोटं मोडायची हे वाचकाला ठाऊक. वाईहून निघालेल्या विश्वकोशात, ज्याचा पहिला खंड तर्कतीर्थांच्या संपादकत्वाखाली १९७६ मध्ये आला, नोंदीच्या खाली लेखकाचं नाव असतं. नाव घालायचं म्हटलं की माणूस साठ हजार हत्ती लिहिताना एकदा थबकतो. सर्वांच्या ज्ञानकोशात थबकायला कुणी नाही, म्हणून तिथे रिकामा रकाना हीच लेखकाची सही मानावी. ‘मग प्राचीन इतिहासात उरेल तरी काय?’ असं विचारणाऱ्याने पुन्हा हिशेब करावा. कोण लढले, कोण नमले नाही, कोणत्या हिवाळ्याच्या आसपास, कोणत्या नदीच्या बाजूला: चौदाशे वर्षांनी एवढं हाती लागणं ही चैन आहे. आपल्या पणजोबांच्या भावकीच्या भांडणाबद्दल एवढंही सांगता येत नाही.

राहिला कांचीपुरमचा फिटर. ज्या पुलकेशीवरून तिघं भांडत होते त्याच्या राजधानीत, वातापीत म्हणजे बदामीत, इ.स. ६४२ च्या सुमारास पल्लव राजा पहिला नरसिंहवर्मा घुसला. पल्लवांच्या कूरम ताम्रपटातला कवीही रविकीर्तीच्याच जातीचा: पळणाऱ्या पुलकेशीच्या पाठीवर, जणू ताम्रपटावर लिहावं तशी, नरसिंहवर्म्याने ‘विजय’ ही अक्षरं लिहिली, असं तो म्हणतो. कोटीला कोटी. पण इथे दुसरी साक्षही आहे, आणि ती नर्मदेपेक्षा भक्कम: खुद्द बदामीच्या खडकावर नरसिंहवर्म्याचा लेख आहे. शत्रूच्या राजधानीत शिलालेख कोरायला आधी तिथे निवांत बसता यावं लागतं. तेव्हा ज्या निकषावर नर्मदेच्या चौकटीत हर्षाची माघार लिहिली, त्याच निकषावर वातापीच्या चौकटीत चालुक्यांचा पराभव लिहावा लागतो, आणि ते काम बागलकोटच्या सुताराने आणि लातूरच्या वेल्डरने जोडीने करावं. फिटरला करू देऊ नये, तो नक्की ‘निर्णायक’ लिहील. सेनापतींच्या रकान्यात पुलकेशीच्या नावापुढे मृत्यूची फुली असते. तो तिथे पडला हे अनुमान आहे. ती फुली काढावी, आणि सैन्यबळाच्या रकान्यात कुणी हत्ती आणून बांधले असतील तर सोडून द्यावेत.